अहल्येचं गोंदण

कॉटनपेटेतल्या अंबूबाईंची मुलगी अहल्या लग्न ठरल्यावर विषमज्वरानं गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. मनगटावर तुळशीवृंदावन गोंदवायचं तेवढं राहून गेलं. देवाघरी माणसाबरोबर फक्त गोंदण जातं, असं अंबूबाई मानत. त्यांनी गोंदणाऱ्या गंगव्वाला बोलावून आणलं.

गंगव्वानं ते गार मनगट हातात घेतलं आणि सुई खाली ठेवली.

“रक्त थांबल्यावर रंग धरत नाही, अक्का.”

अंबूबाईंनी काजळाची डबी उघडली. बोटानं रेष ओढली, पण ती फिसकटली. तेव्हा गंगव्वानंच काडीनं नाजूक वृंदावन रेखलं.

तिरडी उचलताना काजळ ओलंच होतं. “तिच्या हाताला धक्का लावू नका,” अंबूबाई प्रत्येकाला विनवत होत्या.