तीनशे बारा होकार

विद्यापीठात तिला ‘पण-बाई’ म्हणत. बैठकीत कुणी काहीही मांडलं की ती मान वर करायची, ‘पण’ म्हणायची, आणि त्यापुढे जे यायचं त्याला सहसा कुणाकडे उत्तर नसायचं. शिकवायची रसायनशास्त्र, जीव मात्र दुसरीकडे अडकलेला. पदवीची मोठी मुलं वर्गात बसून नेमकं शिकतात कसं, आणि शिकवणाऱ्याला ते कळतं का, याचा अभ्यास करणारं एक छोटं केंद्र विद्यापीठात होतं, तिथे ती अर्धा दिवस असायची. केंद्राचे प्रमुख तिचे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. तिथे त्यांना ‘सर’ म्हणायचं आणि घरी ‘भावजी’, ही कसरत ती नऊ वर्षं करत होती.

दोन वर्षं घालून तिने एक गोष्ट शोधून काढली होती. शिक्षक विचारतात, “समजलं का?” आणि अख्खा वर्ग माना डोलावतो. तिने डोलावणाऱ्यांना लगेच बाजूच्या खोलीत नेलं आणि तोच भाग समजावून सांगायला लावलं. दहातल्या सातांना ओ की ठो कळलेलं नव्हतं. गोष्ट साधीच, पण कुणी मोजली नव्हती. भावजींनी ती मोजणी, ते तक्ते, तिची वाक्यंसुद्धा उचलली आणि निबंध स्वतःच्या नावावर छापला. शेवटी बारीक अक्षरात तिचे आभार होते, तांत्रिक साहाय्याबद्दल.

तिने विचारलं तेव्हा सगळे ताईकडे जेवायला बसले होते. भावजी हसले. म्हणाले, तू शब्दाशब्दाला अडतेस, तुझ्याबरोबर लिहायला बसलो असतो तर निबंध माझ्या निवृत्तीनंतर छापून आला असता.

“आणि नाव गेलं कुठे? घरातच तर राहिलं.”

ताई भाजी वाढता वाढता थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि पुन्हा वाढू लागली. पण-बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावजींचं बोलणं लागलंच, ताईचं गप्प राहणं त्याहून जास्त लागलं. तरी ती ताटावरून उठली नाही की भांडली नाही. नीट जेवली, ताक मागून घेतलं, आणि मनाशी ठरवलं की या माणसाला एक दिवस पाणी पाजायचं, आणि तेही चार लोकांत.

संधी वर्षभराने चालून आली. छोट्या केंद्राची मोठी संस्था होणार होती आणि भावजी तिचे संचालक. त्यासाठी एक भरभक्कम संशोधन दाखवायचं होतं. निरनिराळ्या वर्गांच्या तीनशे बारा छोट्या क्लिप घेतलेल्या, प्रत्येक क्लिप पाहून शेरा द्यायचा की इथे मुलं शिकताहेत, नुसती लिहून घेताहेत, की मनाने बाहेर गेलीत. या कामाचा एक पक्का नियम आहे. दोन माणसांनी एकमेकांचे शेरे न बघता आपापले शेरे द्यायचे आणि मग दोन्ही ताडून पाहायचे. शंभरात ऐंशी-पंच्याऐंशी जुळले तर काम चोख. थोडं न जुळणं हीच खूण, की दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलंय. दुसरी निरीक्षक म्हणून भावजींनी तिला घेतलं. घरचं माणूस, शिवाय फुकटात पडणारं.

पहिल्या अकरा क्लिप तिने अगदी इमानाने पाहिल्या. चारांत तिचं मत वेगळं पडलं. तिने तसं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी भावजींचं उत्तर आलं. सोबत तीनशे बाराच्या तीनशे बारा क्लिपांचे त्यांचे स्वतःचे शेरे जोडलेले, आणि खाली एक ओळ: ‘संदर्भासाठी पाठवतो आहे. या वेळी “पण” नको.’

ती ओळ तिने तीनदा वाचली आणि खुदकन हसली. इतकं सोपं करून देतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिने ते पत्र छापून कपाटात ठेवलं. मग रोज सकाळी चहा घेत बसायची आणि त्यांच्या रकान्यातले शेरे आपल्या रकान्यात उतरवायची, एखाद्या शहाण्या मुलीसारखी. आधीच्या चार मतभेदांवरही त्यांचेच शेरे चढवले, आणि पुढची एकही क्लिप उघडली नाही. तीनशे बारा वेळा ती हो म्हणाली.

भावजी खूश झाले. मेव्हणी ताळ्यावर आली असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, या विषयावर ज्या माणसाच्या नावाचा निबंध होता, त्याला तिच्या होकारांत काही खटकलं नाही. निबंध चोरला होता, वाचला बहुतेक नव्हता.

समितीची बैठक मोठ्या दालनात भरली. कुलगुरू होते, बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एक पिकल्या केसांच्या परीक्षक होत्या, आणि मागच्या रांगेत पण-बाई. दिवे मंद झाले, पडद्यावर पहिलं पान आलं. त्यावर दोन नावं होती. भावजींचं, आणि त्याखाली तेवढ्याच अक्षरांत तिचं. तिला आनंद झाला, अगदी खराखुरा. नऊ वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते नाव समोर भिंतीएवढं दिसत होतं.

परीक्षकबाईंनी शेरे ताडलेल्या तक्त्यापाशी सादरीकरण थांबवलं. मतभेद किती, असं त्यांनी विचारलं. एकही नाही, भावजी ऐटीत म्हणाले.

“मी चाळीस वर्षं हे काम करते आहे,” त्या म्हणाल्या. “माझं आणि माझ्या चष्म्याचंसुद्धा इतकं एकमत होत नाही. दुसऱ्या निरीक्षक आल्यात का?”

ती उभी राहिली. वाचवणारं वाक्य तिला ठाऊक होतं: आधी मतभेद होते, आम्ही बसून मिटवले, जुने आकडे द्यायचे राहिले. थोडं ऐकून घ्यावं लागलं असतं, पण पण-बाई सहजी हो म्हणत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ते खपलं असतं. दोन्ही नावं वाचली असती. तिने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि भावजींकडे एकदा. ते निवांत बसले होते, ती आपल्याच बाजूने बोलणार याची खात्री असलेल्या माणसासारखे.

“मी फक्त अकरा पाहिल्या,” ती म्हणाली. “चारांत माझं मत वेगळं होतं. मग सरांनी त्यांचे शेरे पाठवले, ते मी उतरवून काढले. त्यांचं पत्र आणलंय.”

“अगं,” भावजी म्हणाले. विद्यापीठात ते तिला कधी ‘अगं’ म्हणाले नव्हते. पत्र हातोहात फिरत कुलगुरूंपर्यंत गेलं, आणि भावजींचा चेहरा उतरत गेला तसतसं तिला गार वाटत गेलं. संस्था बारगळली, संशोधन मागे घेतलं, दोघांचीही चौकशी लागली. केंद्रातून ती त्याच दिवशी बाहेर पडली. हे सगळं तिने आधीच धरलेलं होतं आणि त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई प्रयोगशाळेत आली. रडून आलेली होती. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “तुझं नाव मी घालायला लावलं होतं.”

“तू?” पण-बाईने विचारलं.

ताई सांगत गेली. त्या जेवणाच्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. वर्षभर. शेवटी तिने बजावलं होतं, या वेळी तिचं नाव आलं नाही तर मी या घरात राहणार नाही. तेव्हा कुठे ते कबूल झाले. बहिणीला सांगितलं नाही, कारण ते त्यांनी आपणहून दिलंय असं तिला वाटायला हवं होतं.

“एकच विचारायला आले,” ताई म्हणाली. “बोलायच्या आधी तुला ते दिसलं होतं?”

नाही म्हणणं सोपं होतं. ताईला तेच ऐकायचं होतं, तिच्या डोळ्यांत ते स्वच्छ दिसत होतं.

“दिसलं होतं,” पण-बाई म्हणाली.

ताईने डोळे पुसले.

“काल ते म्हणाले, तिला नाव नकोच होतं, माझं नाक हवं होतं. त्यावरून मी भांडून घर सोडून निघाले. म्हटलं, माझी बहीण तसली नाही.”

तिने पर्स उचलली आणि ती नवऱ्याच्या घरी परत गेली.