खांडबाऱ्याचा थांबा

ते दोन हजार अठरा साल. फेब्रुवारी सरत आला होता. खांडबाऱ्यात सुगंधाबाईच्या चहाच्या टपरीसमोर माझ्या धाकट्या भावाने, भिलाने, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आबा, चहा नको. उशीर होतोय," पुढच्या सीटवरून कुंदन म्हणाला.

"चहासाठे नही थांबनू," भिला म्हणाला. "गाडी आते पुढे जावाव नही."

कुंदन हसला. त्याला गंमत वाटली. मी मागे बसले होते, मला वाटली नाही. भिला गाडीत बसून गंमत करणारा माणूस नव्हता.

कुंदन त्याचा एकुलता मुलगा. विमान चालवायचा. त्या दिवशी दुपारी सुरतेहून त्याचे विमान होते आणि त्याला पोहोचवायला बाप स्वतः निघाला होता. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे होते, म्हणून मीही सोबत होते.

भिलाचे सारे आयुष्य याच रस्त्यावर गेले. नंदुरबार ते सुरत, लक्झरी बस. लहानपणी तो माझ्या कडेवर बसून तोंडाने मोटारीचा आवाज काढायचा. पुढे खरी मोटार हाती आली ती केस पांढरे होईपर्यंत सुटली नाही. बस खांडबाऱ्याबाहेरच्या वळणावर आली की तो एकदाच हॉर्न वाजवायचा, आणि सुगंधाबाई चहा उकळायला ठेवायची. त्याची गाडी रस्त्यात बंद पडली असे कोणी कधी ऐकले नव्हते. त्याला दुसरा कसलाच अभिमान नव्हता. मुलगा पायलट झाला तेव्हा पेढे वाटताना एवढेच म्हणाला, "आमना घरमा आते दोन डायवर."

आदल्या रात्री धानोऱ्याला काजलची हळद होती. काजल म्हणजे कुंदनच्या मामाची, योगेंद्रची मुलगी. मांडवामागे पोरांची बैठक बसली होती आणि योगेंद्र स्वतः ग्लास भरत होता. कुंदन आधी नको म्हणाला. सकाळी निघायचे आहे म्हणाला. तर योगेंद्र केवढ्याने ओरडला, "अरे भाचा, वर आभायमा धडकाले काय शे? ना म्हैस आडवी येस, ना बैलगाडी!"

सगळा मांडव हसला. मीही हसले.

पहाटे भिला त्याला बोलवायला मांडवामागे गेला. आला तेव्हा गप्प होता. कुंदनने आंघोळ केली, पोहे खाल्ले, पांढरा शर्ट घातला. अगदी राजबिंडा दिसत होता. नूतनने, त्याच्या आईने, त्याची दृष्ट काढली. आम्ही निघालो. नंदुरबारबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली होती, काचा लावूनही ठसका लागत होता. तो ओसरल्यावर भिलाने विचारले,

"गिलास खाले कव्हय ठेवा?"

"रात्रीच, आबा."

"पहाटले तुन्हा हातमा व्हता. मी दखा."

"एवढं काही होत नाही हो. भरपूर पाणी प्यालोय. विमानात बसण्याआधी मशीनमध्ये फुंकर मारावी लागते. शून्य आलं की झालं."

"नेम काय शे?"

"बारा तास आधी बंद. पण ते कागदावर. सगळे आपापला अंदाज घेतात, मोठमोठे कॅप्टनसुद्धा. मला माझं शरीर कळतं."

भिलाने समोरचा ट्रक मागे टाकला. मग भिला म्हणाला, "मांगे कितला लोके बठतस?"

"सत्तरेक."

"तुले आरसामा दिसतस का त्या?"

"विमानात आरसा नसतो, आबा. मध्ये दार असतं. बंद."

भिलाने वर आरशात पाहिले. त्यात मी होते. आमची नजर भेटली, आणि थोड्याच वेळात खांडबारा आले.

आता टपरीसमोर कुंदनला कळले की बाप खरेच थांबला आहे. तो खाली उतरला. "किल्ली द्या. मशीन ठरवेल ना! तुम्ही कोण ठरवणारे?"

"मशीन तुन्हा तोंडले इचारी. मी तुले इचारी ऱ्हायनू."

"मी ठीक आहे, आबा! बघा माझ्याकडे. दिसतोय का मी प्यालेला?"

"चुनीलाल बी दिसे नही," भिला म्हणाला.

चुनीलाल त्याचा जोडीदार, पाळीने तीच बस चालवायचा. कितीतरी वर्षांपूर्वी सकाळच्या फेरीला त्याची बस पुलाच्या कठड्यावरून नाल्यात गेली. तो गेला, सोबत बाया, पोरे गेली. टायर फुटला असे सगळे म्हणायचे. भिलाही तेच म्हणायचा.

"रातले प्यायना, सकायले उठना," भिला सांगत होता. "आंघोय करी, अगरबत्ती लायी, हसी ऱ्हायंता. माले वास उना. ताजा दिसस, चालाडी लेई, आसं वाटनं. मी बोलनू नही." त्याने खिशावर हात ठेवला. "आते बोली ऱ्हायनू."

हे त्याने मला, सख्ख्या बहिणीलाही, कधी सांगितले नव्हते.

कुंदनने मान फिरवली. सुरतेकडची पॅसेंजर रेल्वे निघून गेली होती. तो रस्त्यावर जाऊन जीपला हात करू लागला. एक जीप हळू झाली. चालकाने भिलाला ओळखून रामराम केला. भिलाने नुसती मान हलवली, नाही म्हणून. जीप निघून गेली. पुढच्या जीपचेही तेच. त्या रस्त्यावरची निम्मी पोरे भिलाच्याच हाताखाली गाडी शिकली होती.

मग कुंदन परत आला. रागात त्याची भाषा घरी आली होती. "मन्ही नोकरी जाई, आबा! तुम्ही माले बरबाद करं!"

"फोन कर. खरं सांगी दे. आज नही उडाऊ म्हन."

"खरं सांगू? वेडे आहात का?"

त्याने फोन लावला. आमच्यापासून दोन पावले लांब उभा राहिला, तरी ऐकू येत होते. "सॉरी सर. गाडी बंद पडली रस्त्यात. हो सर, वडिलांची गाडी. जुनी आहे. मध्येच बिघडली."

मी भिलाकडे पाहिले. कोणी चारचौघांत थोबाडीत मारावी तसा त्याचा चेहरा झाला होता. मग तो गाडीच्या पुढे गेला, बॉनेट उघडले, दांडी लावली आणि चांगल्या इंजिनाकडे पाहत उभा राहिला. येणारे-जाणारे चालक हळू होऊन विचारत, "काय व्हयनं, भिलाभाऊ?"

"बिघडी," तो म्हणे.

ऊन डोक्यावर येईपर्यंत तो तसाच उभा होता.

त्या दिवशी विमान दुसऱ्या कोणीतरी उडवले, फार उशिराने. कुंदनला आधीच एक ताकीद मिळालेली होती. त्याचे कॅप्टन होणे लांबले आणि पुढे माणसे कमी केली तेव्हा त्याचे नाव त्यात निघाले. मशीनने शून्य दाखवले असते असे तो म्हणत राहिला. कदाचित दाखवलेही असते. ते कोणालाच कधी कळणार नाही. दोन वर्षे तो घरी बसला आणि बापाशी बोलला नाही. ताट वाढले की भिला आधी उठून ओट्यावर जायचा, पोराला नीट जेवता यावे म्हणून.

लोक भिलाला चिडवत, "भिलाभाऊनी गाडी बी बिघडस का?" तो हसायचा. नूतनलाही त्याने गाडी बिघडली होती असेच सांगितले. नूतन अजून तेच मानते. काजल सुरतेच्या पुढे सासरी सुखात आहे. योगेंद्रच्या पोटात पाणी झाले, आता तो ग्लासाला शिवत नाही, कोणाला आग्रहही करत नाही. कुंदनला पुढे मालवाहू विमानांवर काम मिळाले. त्यात प्रवासी नसतात.

भिला दोन हजार बावीसच्या पोळ्याला गेला. झोपेतच. कुंदन आला तेव्हा आम्ही राख सावडून परतलो होतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या दुसऱ्या डोळ्यासाठी सुरतेला जायचे होते. कुंदन सुट्टीवर होता. म्हणाला, "फुई, मी नेतो." भिलाचीच जुनी गाडी. वाटेत आम्ही कशाकशाबद्दल बोललो, पण खांडबारा जवळ आले तसे त्याचे बोलणे थांबले. मी काही म्हटले नव्हते. त्याने आपणहून वळणावर एकदा हॉर्न वाजवला आणि टपरीसमोर गाडी कडेला घेतली.

सुगंधाबाई म्हातारी झाली आहे. डोळ्यांवर हात धरून तिने पाहिले. "भिलाभाऊना कुंदन ना रे तू? ये, बठ. त्या दिवशी गाडीनं काय बिघडं व्हतं रे? मी कितला डाव इचारं, त्यासनी कव्हयच सांगं नही."

कुंदन उभाच राहिला. खाली पाहत होता.

"काहीच बिघडं नव्हतं, मावशी," तो म्हणाला. "गाडी चांगली व्हती."

सुगंधाबाईने कप विसळला. चहा दिला. कुंदनने तो उभ्यानेच प्याला आणि गाडीत येऊन बसला. किल्ली लावण्याआधी त्याने हात वर करून आरसा थोडा खाली केला. मागच्या सीटवर मी त्यात नीट दिसते की नाही ते पाहिले, आणि मग गाडी सावकाश रस्त्यावर घेतली.