चिकावर चढवलेलं कापड

उखर्डूच्या घरी कुठलीही चांगली वस्तू आली की केळीच्या पानातच यायची. पेढे, मोगऱ्याचे गजरे, मटणसुद्धा. म्हणून बुऱ्हाणपुरात दिगंबर टेलरकडून पोरीचा नवा पांढरा एप्रन घेतल्यावर, पुलावरच्या ट्रकांची धूळ लागू नये म्हणून, त्यानं एक ताजं पान घेतलं, एप्रन मस्त गुंडाळला आणि सीधा जैनाबादला आणला.

आता सांगायचं म्हणजे हा माणूस जन्मभर केळी कापतोय. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट पडतो आणि मग बापजन्मात निघत नाही. हे त्याला नाही तर कोणाला ठाऊक? पण चिकानं खराब होईल असं कापड त्याच्या हातात कधी आलंच नव्हतं.

सकाळी पोरीनं, भूमिकानं, घडी उघडली. छातीवर उजवीकडे तळहाताएवढा तपकिरी डाग.

नर्सिंगच्या शाळेत दहाला कार्यक्रम. हातात दिवा घेऊन शपथ. मागच्या वर्षी एप्रन मळका म्हणून एका पोरीला सगळ्यांसमोर ओळीतून बाहेर काढलं होतं. भूमिकाकडे दुसरा एप्रन नव्हता. तिची माय मनकर्णा लिंबू चोळून बसली, रॉकेल लावून बसली. डाग हसत होता.

उखर्डू उठला. बाहेर गेला आणि खिळ्यावरचं त्याचं फडकं घेऊन आला. केळीचे घड उचलताना पुढून बांधायचं ते. मनकर्णा ते कधी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे, भूमिकानं तर त्याला हात लावला नव्हता. काळंकुट्ट, चामड्यासारखं कडक.

"चीक काढायचा नसतो पोरी," तो म्हणाला. "त्याच्यावर कापड चढवायचं."

भूमिका चिडलीच होती. पण त्यानं कडेची शिवण उसवली आणि ती बघतच राहिली. वर खताची गोणी. तिच्या आत पॉवरलूमवरचं वाया गेलेलं कापड, कडेला अजून निळी किनार. त्याच्या आत गोणपाट. एकदम आत मऊ, पिवळट धोतर, तिच्या आजोबाचं. झाड कापल्यावर दिसतात तसे थर. कुठलंच फडकं फेकलं नव्हतं. बागेत याच्यावर जेवायला बसायचे, याचीच चुंबळ करून घड डोक्यावर घ्यायचे, तिथल्या चुलीवरचं पातेलं उतरवायचे.

गोणपाटाच्या दोन कोपऱ्यांत भोकं होती, दोरीनं घासून गुळगुळीत झालेली.

"ही कशाची?"

"तुझी," मनकर्णा म्हणाली. "झोळीची. तू केळीच्या बागेत याच्यातच झोपायची. आणि काम निघालं की तुझा बाप तुला माझ्याकडे द्यायचा, हेच सोडून स्वतःच्या पुढून बांधायचा."

भूमिकानं बोट त्या भोकात घातलं. बोट बरोबर बसलं. पाऊसपाणी, घाम, तिचं मूतसुद्धा, सगळं याच्यात होतं, थरावर थर, आणि ती रोज नाक धरून याच्या बाजूनं जायची.

मग मात्र टाइम नव्हता. दिगंबरनं खाली भरपूर दुमड सोडली होती. मनकर्णानं ती कापली, तिचा खिसा केला, डाव्या खिशासारखाच, आणि डागावर बसवून मशीनवर शिवला. उखर्डूनं दोरा ओवून दिला. शिवण थोडी वाकडी आली.

ओळीत मॅडम एकेकीला बघत पुढे येत होत्या. भूमिकापाशी थांबल्या. बाकी पोरींच्या एप्रनला एकच खिसा होता.

"हा दुसरा कोणी लावायला सांगितला?"

"बानं."

मॅडमनी वाकडी शिवण बघितली, कापड बघितलं. पांढरंशुभ्र. तिच्या हातात दिवा दिला आणि पुढे गेल्या.