मागचं डावं चाक

"चिमणे, तू मागच्या डाव्या चाकावर. आई उजव्या," आमच्या मिस्त्रींनी फर्मान सोडलं आणि रिकाम्या स्कूलबसच्या स्टिअरिंगवर जाऊन बसले.

चाकावर म्हणजे चाकाच्या वरच्या सीटवर. मिस्त्री म्हणजे माझे यजमान, शाळेच्या गाड्यांचे मेकॅनिक. सगळ्या जगाला सुट्टी लागते तेव्हा यांची गाढवमेहनत सुरू होते, कारण बस खोलायच्या त्या सुट्टीतच. त्यामुळे लग्न झाल्यापासून माझ्या वाट्याला सहल आली ती एकच. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शेवटच्या बसची ट्रायल! तळ्यापर्यंत जायचं, डबा खायचा, परत यायचं. आधी मी कुरकुरायचे. मग लेक झाली आणि तिनं त्याचा खेळ केला. डोळे मिटून बसायचं आणि गाडीत कुठं काही वाजलं की ओरडायचं. आम्ही मायलेकी आजवर एकदाही जिंकलो नव्हतो. आम्ही तोंड उघडायच्या आत मिस्त्री पुढून सांगायचे, अमुक बोल्ट ढिला आहे, तमुक खिडकीचं रबर गेलंय. बसचा मालक तर म्हणायचा, मिस्त्रींनी गाडी ऐकली की मी डोळे झाकून मुलं बसवतो.

तळ्याकडच्या उतारावर मिस्त्रींनी ब्रेक दाबला आणि चिमणीच्या सीटखाली लोखंडावर लोखंड घासलं. असं कर्कश्श, की माझे दात शिवशिवले.

"बाबा, डावं चाक!" चिमणी जिंकल्याच्या आनंदात ओरडली.

मिस्त्री समोर रस्त्याकडेच बघत राहिले. पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच. ती आणखी जोरात ओरडली. आता त्यांनी आरशात पाहिलं. तिचं तोंड हलताना दिसलं, तेव्हा हसले आणि तिला टाटा केला.

घरात टीव्हीचा तो वाढवलेला आवाज, चार हाका मारल्या तरी न वळणं, सगळं एकदम ध्यानात आलं. आणि मी काय समजत होते? लग्न जुनं झालं की बायकोचं बोलणं नवऱ्याच्या कानात शिरत नाही, घरोघरी मातीच्या चुली. शेजारणीला हसून सांगितलंसुद्धा होतं. अगं, मूर्ख बाई!

तळ्यावर पोचल्यावर मी डबा उघडलाच नाही. त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, कधीपासून? त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. आधी उडवाउडवी केली. मग खाली बसले आणि सांगितलं. हिवाळ्यापासून. डॉक्टर म्हणाले, कानाची नस गेलीय. यंत्र लावून आवाज मोठा होईल, पण कुठून काय वाजतंय ते कळायचं नाही. म्हणजे नेमकं जे कळायला हवं तेच.

"मग बाकीच्या गाड्या कुणाच्या कानानं पास केल्यात?"

"हात ठेवला की हादरा कळतो मला."

"आत्ता सगळ्या उतारावर डावं चाक ओरडत होतं. कळलं?"

त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग चिमणीकडे. माझे हात धरून म्हणाले, "मालकाला सांगू नको गं. मला दुसरं काय येतं?"

खरं सांगते, माझंही मन क्षणभर डळमळलं. घरात कमावणारे ते एकटे. दुसरीकडे उद्या सकाळी त्याच गाड्यांमध्ये लोकांची पोरं बसणार होती, आणि आमचीही. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, ते मी त्या दिवशी भोगलं.

चिमणी मध्येच म्हणाली, "मी शाळा सोडते. बाबांबरोबर गॅरेजला जाते. मी ऐकत जाईन, ते दुरुस्त करतील. कुणाला कळणारपण नाही."

मिस्त्रींनी मला विचारलं, काय म्हणतेय ती?

म्हणजे ते मलाच सांगावं लागलं. एकेक शब्द, सावकाश, त्यांना दिसेल असा. पोरीचं शाळा सोडणं माझ्या तोंडून पुन्हा एकदा झाल्यासारखं वाटलं.

मिस्त्री उठले. तळ्यावर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. मग खिशातून किल्ली काढली आणि चिमणीला म्हणाले, "तू शाळेतच जायचंस. ऐकलंस? चला, मालकाकडे."

परत येताना गाडी गोगलगायीच्या चालीनं आणली. चिमणी त्यांच्या मागं उभी राहिली, खांद्यावर हात ठेवून. चाक घासलं की ती खांदा दाबायची आणि ते ब्रेक हलका करायचे. घरं लागेपर्यंत तिनं खांदा इतक्यांदा दाबला, की शेवटी हात तसाच घट्ट धरून ठेवला.

मालकाला त्यांनी स्वतःच सांगितलं. मी बोलायला लागले तर मला थांबवलं. "माझे कान गेलेत. ही गाडी खराब आहे, बाकीच्याही पुन्हा खोला." मालकाला आधी थट्टा वाटली. मग तो खुर्चीत बसला, डोकं धरलं आणि गॅरेजच्या किल्ल्या मागितल्या. मिस्त्रींनी जुडग्यातून एकेक काढून टेबलावर ठेवली. आमच्या घराची तेवढी उरली.

शाळा उघडली तरी काही दिवस बस निघाल्याच नाहीत. पालकांनी मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडली, तीही त्यांना ऐकू आली नाहीत. एवढंच काय ते बरं झालं. नव्या मेकॅनिकला आणखी दोन गाड्या तशाच सापडल्या.

मग एका सकाळी बस आमच्या कोपऱ्यावर आली. चिमणी चढली आणि मागच्या डाव्या चाकावर जाऊन बसली. पुढं तिठा होता. तिथं ब्रेक लागला, बस आवाज न करता थांबली, वळली.

माझ्या शेजारी उभ्या मिस्त्रींनी विचारलं, "वाजलं का काही?"

चिमणी खिडकीतून हात हलवत होती. ते तिच्याकडे पाहत नव्हते. माझ्या ओठांकडे पाहत होते.