बटणाखालचा ओघळ

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकाचे पुढचे झाकण आहे. प्लास्टिकचे आणि काळेकुट्ट. आत पंखे गरगरतात, दिवे लुकलुकतात, कौतुक सगळे त्यांचे. माझ्या वाट्याला आली धूळ आणि दोन बटणे. वरचे यंत्र चालू करण्याचे. त्याच्या दोन बोटे खाली दुसरे, चालू यंत्र मध्येच बंद पाडून नव्याने सुरू करणारे. दोन्ही काळी, दोन्ही सारखी. ही अक्कल ज्याने लढवली तो मला कधी भेटला नाही, हे त्याचे नशीब.

आमच्या घरात दोघेच राहतात. बाई लोकांची हस्तलिखिते टंकलिखित करून देतात. त्यांचे यजमान गाड्या रंगवणारे कारागीर, आता निवृत्त. "माझा रंग गाडीबरोबरच भंगारात जातो," असे ते येईल त्याला ऐकवत.

बाई रोज सकाळी मला पुसत. गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणणाऱ्या पॉलिशची बाटली यजमानांनी कामावरून आणली होती. ते पॉलिश फडक्यावर घेऊन त्या माझ्या अंगावरून सावकाश हात फिरवत. हे माझ्या रूपाचे लाड आहेत असे मला वाटे. मी मूर्ख होते.

एका दुपारी बाईंनी चुकून खालचे बटण दाबले आणि सकाळपासूनची अकरा पाने गेली. दोन दिवसांनी पुन्हा तेच घडले. "हल्ली जरा कमी दिसतं," एवढेच त्या म्हणाल्या. झाकण पिवळे करायचे आणि बटणे काळीच ठेवायची, असे यजमानांनी ठरवले. शेजारीण म्हणाली, "पिवळी चिकटपट्टी लावा की." यजमान उखडले. "चाळीस वर्षं मी काय माशा मारल्या का?"

त्यांनी मला उतरवले आणि पत्र्याला देतात तसा थेट रंग दिला. चौथ्या दिवशी नख लागले आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा तो निघून आला. तिकडे माझ्याविना बटण वायरीला लोंबकळत होते आणि यंत्र चालू करायला बाईंना रोज हाक मारावी लागत होती.

"मी आहे ना," यजमान म्हणाले.

"तुम्ही आहात हो. पण मला कुणाला हाक न मारता काम सुरू करता यायला हवं."

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला घासून रंग दिला. तो ओला असतानाच अंगभर बारीक खळगे पडले. त्यांनी ते लगेच ओळखले. पॉलिशच्या तेलावर रंग धरत नाही. त्या बाटलीला कामावर त्यांच्या रंगाच्या खोलीत मज्जाव होता, आणि घरी ती त्यांनीच आणली होती.

"किती दिवस पुसतेस हे?"

"वर्ष झालं असेल." बाई म्हणाल्या. "नुसतं पुसत नव्हते. बटणं कुठं आहेत ते हाताला पाठ करत होते."

यजमान हातातला घासायचा कागद तसाच धरून बसले. वर्षभर त्यांनी तो हात रोज पाहिला होता. मीही पाहिला होता तो हात, आणि खूश होत राहिले होते.

मग त्यांनी मला साबणाच्या कोमट पाण्याने तीनदा धुतले, बारीक कागदाने ओले घासले, प्लास्टिकला धरणारे अस्तर दिले. त्यावर पिवळ्याचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर थांबून. शेवटचा फवारा चालू असताना बाई दारात आल्या.

"पिवळा लावताय ना? मला पांढराच दिसतोय."

यजमानांचा हात थबकला. फवारा थांबला नाही. वरच्या बटणाच्या जागेखाली रंग साचला आणि बोटाच्या रुंदीइतका ओघळला.

चाळीस वर्षांत त्यांच्या कामावर ओघळ नव्हता. वाळल्यावर तो घासून टाकायचा असे त्यांनी ठरवले. तोवर त्यांनी वर चकाकीचा थर देऊन मला ठेवून दिले आणि तीन आठवडे कुणी मला हात लावला नाही. रंग आतपर्यंत कडक व्हायला तेवढे दिवस लागतात. बाईंचे डोळे मात्र तेवढे थांबले नाहीत. ओघळ घासण्याआधी मी नीट बसते का हे पाहायला यजमानांनी मला जागेवर बसवले तेव्हा त्यांना पिवळे काय आणि काळे काय, सारखेच होते. मला फार वाईट वाटले. सगळी रंगरंगोटी वाया गेली होती.

बाईंचे बोट माझ्यावर फिरले आणि ओघळावर अडले. तिथून ते वर सरकले. यंत्र चालू झाले.

"हा घासू नका," त्या म्हणाल्या.

आता यंत्र बाईंना अक्षरे वाचून दाखवते आणि त्या काम करतात. माझा रंग अजून कुठे सुटलेला नाही. फक्त ओघळावर तो रोजच्या बोटाने झिजला आहे आणि खालचा काळा दिसू लागला आहे. परवा यजमानांनी ते पाहिले, पिवळ्याची डबी आणली आणि न उघडताच परत ठेवली.

मित्रांनो, रंग देण्याआधी वस्तू स्वच्छ धुवा आणि पुरती वाळू द्या, एवढे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात कुणी एकच वस्तू रोज रोज पुसत असेल, तर जवळ जाऊन विचारा. मला आणि यजमानांना वर्षभर ते सुचले नाही.