पाठमोरी

शाळेच्या वार्षिकांकाला थीम काय घ्यायची, एवढ्याशा गोष्टीने कुणाच्या घशाला कोरड पडेल का? पण पडली. लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून कपड्यांची दुरुस्ती करणारी ती बाई एका पँटला टीप घालत होती, आणि समोरच्या स्टुलावर तिची लेक पाय हलवत बसली होती. हिचं घरातलं नाव ठकू. घर म्हणजे तरी काय, माय आणि लेक, तिसरं माणूस नाही.

"चित्रकलेच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'तेव्हा आणि आता'," ठकू म्हणाली. "प्रत्येकाचा लहानपणीचा फोटो आणि शेजारी आत्ताचा. पानभर चेहरा. अंक शाळेच्या वेबसाइटवरही टाकणार आहेत."

मशीन थांबलं. आईने सुई टोचल्यासारखा हात मागे घेतला.

आता ठकू म्हणजे बापाचं तोंड घेऊन जन्माला आलेली पोर. तेच कपाळ, तीच जिवणी. आणि त्या बापापासून तर या दोघी पळत होत्या. आई आठ वर्षांपूर्वी अंगावरच्या कपड्यानिशी लेकीचा हात धरून निघाली, ती निघाली नसती तर आज ही गोष्ट सांगायला कुणी उरलंच नसतं. आधीच्या गावी ठकूला धावण्यात बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि आठवड्याच्या आत तो दारात उभा! "लेक मोठी झाली की," म्हणाला, अगदी प्रेमाने. त्या प्रेमाचे टाके अजून आईच्या भुवईवर होते. त्यानंतर नवं गाव, नवं आडनाव, आणि वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी ठकूला न चुकता ताप.

"हेडबाईंना सगळं माहीत आहे," आई म्हणाली. "त्यांना सांगते, तुला वगळा म्हणून."

"दरवर्षी वगळतात, आई! माझ्या जागी रिकामी चौकट. मुलं म्हणतात, वर्गात एक भूत आहे." ठकूचा आवाज चिरकला. "शेवटचं वर्ष आहे गं. एकदा तरी मला त्या पुस्तकात राहू दे."

आई दुधाने तोंड पोळलेली, ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारी. पण पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी ठकू दुकानात शिरली ती नाचतच. "थीम बदलली! 'पाठमोरे'! सगळ्यांचे फोटो पाठीमागून. खाली नावं नाहीत, वाचणाऱ्याने ओळखायचं. बाई म्हणाल्या, अगं, ओळखणार कसं? मी म्हटलं, ज्याला आपलं माणूस पाठमोरं ओळखता येत नाही, त्याने अंक घेऊच नये."

"अगं बाई! आणि ऐकलं सगळ्यांनी?"

"हात वर करून मत दिलं. ज्यांच्या तोंडावर पुटकुळ्या आहेत त्यांनी दोन्ही हात वर केले."

आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. तिचा जीव भांड्यात पडला. "माझी ठकू ती, महाठक आहे," ती म्हणाली. "पण मला कोडं घालू नकोस हं. नऊ महिने पोटात वागवलंय, तुझी पाठ मी हजारात ओळखीन."

फोटो निघाले. मुखपृष्ठाचा नमुना ठकू घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर उलगडून ठेवला. मधोमध तीच. ज्याची कल्पना त्याचा फोटो मुखपृष्ठावर, असं बाईंनी ठरवलं होतं. ताठ पाठ, आणि पाठीवर लांबसडक वेणी.

आई कौतुकाने वाकली, आणि तिथेच थबकली.

ती वेणी! डाव्या कानावरून तिरकी सुरू झालेली, चार पेडांची, आणि शेवटी रबर न लावता केसांचाच वेढा घेऊन खोचलेली. अशी वेणी या गावात कुणी घालत नव्हतं. ती सासूची वेणी होती. सासू रोज सकाळी नणंदेची वेणी अशीच घालायची, आणि तो समोर चहा पीत बघत बसायचा. लग्नानंतर सासूने तिलाही तशीच शिकवली. गाव सोडलं, आडनाव सोडलं, मंगळसूत्रसुद्धा विकून खाल्लं, पण बोटांना लागलेली सवय काही तिने सोडली नाही. लपायचं म्हणून चेहरा झाकला, आणि त्याच्या घरची खूण रोज सकाळी आपल्याच हातांनी पोरीच्या पाठीवर बांधली.

"मेले मी," ती म्हणाली. "तो एका नजरेत ओळखेल."

ठकूला आधी कळेना. आईने वेणीवर बोट ठेवून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा झाला. खाली रस्त्यावर एक मोटार थांबली, दोघींनी श्वास रोखला, मोटार पुढे गेली.

मग ठकू उठली, शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री आणून आईच्या हातात दिली आणि तिच्याकडे पाठ करून बसली. "काप."

"नको गं. उद्या जाऊन बाईंना सांगते, फोटोच काढून टाका."

"म्हणजे परत भूत? काप म्हणते ना!"

आईने कापली. आयुष्यभर कापड सरळ कापणारा हात त्या दिवशी वाकडातिकडा चालला. सकाळी शाळा उघडायच्या आधी दोघी फाटकात उभ्या होत्या. हेडबाईंनी मुकाट्याने मुखपृष्ठ बदलायला लावलं, आणि ठकूचा नवा फोटो आतल्या पानांत, सगळ्यांसारखाच छोटा, असं ठरलं.

अंक हातात आला तो दुकानातच. ठकू स्टुलावर बसली, पाय न हलवता. "शोध," म्हणाली.

आईने पानं उलटली. पाठी, पाठी आणि पाठी. आखूड केसांच्या मुली पाहिल्या. ही? हिचे खांदे पडलेले. ही? ही एका पायावर रेललेली, ठकू कधी अशी उभी राहत नाही. ती शेवटच्या पानापर्यंत गेली, परत पहिल्यापासून आली. स्वतःच्या पोटची पोर, आणि सापडेना.

"नाही सापडत," ती अखेर म्हणाली, आणि तिला लाज वाटली.

ठकूचा चेहरा उजळला. "नक्की? खोटं नाही ना बोलत?"

"नाही गं. कुठे आहेस तू?"

"मैत्रिणीचा स्वेटर घातला होता. दुसऱ्यासारखं उभं राहायची आठवडाभर प्रॅक्टिस केली."

"अगं, पण कुठलं पान? मला तरी दाखव."

ठकूने अंक हळूच तिच्या हातातून घेऊन मिटला. "नाही दाखवणार. दाखवलं तर तू रोज तेच पान बघशील, आणि मग पुस्तक आपोआप तिथेच उघडायला लागेल. कुणाच्या हाती पडलं तर?"

हे पंधरा वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं, ते आईला विचारावं लागलं नाही. तिने तोंडाला पदर लावला आणि समोर गिऱ्हाईक उभं असतानाच रडायला लागली.