आखाजीचा मुराळी

मसाले, शेव, पापड बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांना स्वच्छतेचा आणि भेसळ टाळण्याचा सल्ला देणं हे माझं काम. मयुरी झाल्यावर नोकरी सोडली आणि जळगावात घरूनच सुरू केलं. लिंक्डइनवर मी गोदामातल्या ओलाव्याबद्दल लिहायचे. बघायचं कोणी नाही.

"कोण वाचणार गं ते ओलावा-बिलावा?" माझी मैत्रीण मेघा म्हणाली. "स्वतःबद्दल लिही. लोक माणूस बघून काम देतात."

म्हणून गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिहिलं. माहेर असोदा, पण भाऊ नाही, त्यामुळे सणाला न्यायला मुराळी कधी आलाच नाही. आता कामच माझं माहेर. सोबत झोक्यावरच्या मयुरीचा फोटो. ती पोस्ट कुठच्या कुठे गेली. कामं आली. मग मी लिहीतच राहिले. मयुरीची बालवाडी, सासूबाईंचं कळण्याच्या भाकरीचं पीठ, दारातला कडुनिंब.

धुळ्याचे प्रेमराजभाऊ त्यातूनच आले. मिरची पावडरचा कारखाना. "ताई, मीही असोद्याचा. बहीणभाऊच आपण." नमुना तपासून घेतला तर तिखटात कापडाचा रंग. त्यांना मोठ्या खरेदीदाराला दाखवायला माझ्या सहीचा अहवाल हवा होता. मी नाही म्हटलं. ते चिडले नाहीत, आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

यंदा आखाजी तोंडावर आली तेव्हा त्यांचा फोन. "सगळा माल फेकला ताई. नवीन मशीन बघायला या."

धुळ्याला गेले. फाटकाला कुलूप. प्रेमराजभाऊ फोन उचलेनात. उन्हात उभी राहूनच मी घरी फोन लावला.

"अवं माय, तू आजून धुयामाच शे?" सासूबाई हसल्या. "तुना गावना भाऊ उना ना, मुराई बनीसन! प्रेमराज. म्हने, ताई परस्पर असोदाले ई राह्यनी, पोरले मी लई जास. त्याले आपलं बठ्ठं ठाऊक शे. झोकाना फोटो दखाडा, तं मयुरी मामा मामा करत गाडीमा बठनी."

"आई, मला भाऊ नाही!"

"गावना तं शे! कोनी लेवाले येत नही म्हनीसन जगले सांगस, आते उना तं आरडस?"

मयुरीचे बाबा वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीत ड्युटीवर. त्यांचा फोन बाहेर जमा. पोलिसांना मी काय सांगणार होते? आजीने स्वतः कुंकू लावून पाठवली होती.

तेवढ्यात प्रेमराजचा फोन आला. मागे मयुरीचं खिदळणं.

"ताई, भाची मजेत आहे. अहवाल मेल केलाय. सही टाका, लगेच घरी सोडतो." मग थांबून हसला. "मुराळ्याला कोणी रिकाम्या हाताने पाठवतं का?"

अहवालात लिहिलं होतं, मी कारखाना आतून पाहिला आणि माल शुद्ध आहे. त्या कुलूपबंद फाटकाला टेकून मी मोबाइलवर बोटाने सही केली. सही वेडीवाकडी आली. ती चालली त्याला.

घरी पोचले तेव्हा मयुरी ओट्यावर बसलेली, अंगात नवा फ्रॉक. तो बरोबर तिच्या मापाचा होता.

संध्याकाळी लिंक्डइन उघडलं, सगळं पुसून टाकावं म्हणून. वरच प्रेमराजची पोस्ट. माझा अहवाल, मला टॅग केलेलं. बाजूला त्याच्या खांद्यावर बसलेली मयुरी. 'कामात सचोटी आणि नात्यात गोडवा, ही आमच्या गावची लेक.' खाली अभिनंदनांची रांग. मेघाचंही: 'बघ, म्हटलं होतं ना!'

मी माझ्या जुन्या पोस्ट पुसत असतानाच नव्या विचारणा येऊ लागल्या. पहिली एका तेलमिलवाल्याची.

'ताई, आम्हीही असोद्याकडचेच. मयुरी काय म्हणते?'